आवाज येतो, पडदा काळा: एलईडी टीव्हीची बॅकलाइट तपासणं आणि बदलणं

टीव्ही लावला की स्टँडबायचा दिवा बदलतो, सिरियलचे संवाद स्वच्छ ऐकू येतात, रिमोटने आवाजही कमी-जास्त होतो. पडदा मात्र काळाकुट्ट. घरातले म्हणतात पॅनल गेलं, आणि टीव्ही भंगारवाल्याकडे निघतो. पॅनल बहुधा शाबूत असतं. विझलेली असते ती त्याच्या मागची बॅकलाइट, म्हणजे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड ते अडवतं किंवा पुढे सोडतं. मागे अंधार झाला की चित्र तिथेच असतं, दिसत नाही एवढंच.

सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्या कुणालाही पट्टी बदलणं जमेल. तिच्यापर्यंत पोचताना पॅनल फुटू न देणं, ही खरी कसोटी. म्हणून आधी टीव्ही न उघडता जेवढं कळेल तेवढं कळून घ्या, मग मागचं झाकण काढून मोजा, आणि पट्टीच गेली आहे हे नक्की झाल्यावरच पॅनलला हात लावा.

टॉर्चची परीक्षा

खोलीत अंधार करा, टीव्ही लावा, रिमोटवरून मेनू उघडा. मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि हळूहळू सरकवा. मेनूची अक्षरं पुसट दिसली तर पॅनल, टीकॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) आणि मेन बोर्ड चित्र तयार करताहेत, दोष बॅकलाइटच्या बाजूला. मेनूच वापरायचा कारण तो एका जागी थांबतो. चालत्या सिरियलमध्ये टॉर्चने काही शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. टॉर्चखाली काहीच दिसलं नाही तर टीकॉन, पॅनल किंवा मेन बोर्डकडे वळा. पट्टी मागवू नका.

पडदा नेमका कसा वागतो, तेही बघा. लावताच एक-दोन सेकंद चित्र उजळून विझत असेल तर ड्रायव्हर, म्हणजे बॅकलाइटला वीज पुरवणारं सर्किट, पट्टीला वीज देतोय, पण काही तरी चुकलंय हे ओळखून स्वतःला बंद करतोय. बहुतेक वेळा एखादी एलईडी तुटलेली, म्हणजे ओपन असते. पडद्यावर एक आडवा पट्टा अंधारा आणि बाकी उजेड असेल तर पट्ट्या समांतर जोडलेल्या आहेत आणि त्यातली एक गेली आहे. एखाद-दोन जागी पांढरे झगझगीत ठिपके दिसत असतील तर एलईडी चांगल्या आहेत, त्यांच्यावरची भिंगं निखळून खाली पडली आहेत. सगळं चित्र निळसर-जांभळं झालं असेल तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फर उष्णतेने खराब झालाय. टीव्ही चालतो म्हणून लोक महिनोन्‌महिने तसाच बघतात, पण पट्ट्या संपत आल्याचं हे लक्षण आहे.

ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसतेच, त्यामुळे यातलं काही त्याला लागू नाही. जुन्या ट्यूबवाल्या एलसीडीत इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट तयार करतो. त्याची रीत वेगळी आहे.

उघडण्याआधी

प्लग काढा. नुसतं रिमोटने किंवा बटनाने बंद करून चालणार नाही. पॉवर बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टच्या मेन्समधून साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतात. मोठ्या टीव्हीत पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं) सर्किट असेल तर ३८० ते ४०० व्होल्ट. प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतात. २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी कपॅसिटरच्या दोन टोकांना पाच सेकंद लावा, मग मीटरने १० व्होल्टच्या खाली आलंय ना ते बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय पुष्कळांना असते. त्यात बोर्डची प्रिंट जळते आणि कधी कपॅसिटरही जातो.

पॉवर बोर्डवर एक जाड रेघ छापलेली असते. तिच्या एका बाजूला मेन्सशी जोडलेला 'हॉट' भाग, दुसऱ्या बाजूला 'कोल्ड'. बॅकलाइटचे व्होल्टेज मोजताना मीटरची काळी तार कोल्ड ग्राउंडवर, म्हणजे मागच्या लोखंडी पत्र्याच्या स्क्रूवर ठेवा. चुकून हॉट बाजूला ठेवली तर आकडे भलतेच येतील आणि झटक्याचा धोका वेगळा. काही टीव्हीत बॅकलाइटचा ड्रायव्हरही हॉट बाजूला असतो, तेव्हा आधी रेघ शोधा, मग तार ठेवा.

मल्टिमीटरखेरीज एक वस्तू घ्याच: एलईडी पट्टी टेस्टर. हाताच्या पंज्याएवढी डबी, दोन तारा, समोर व्होल्ट दाखवणारा आकडा. ती शून्यापासून ३०० व्होल्टच्या आसपासपर्यंत स्वतःच चढते आणि करंट काही मिलिअँपवर धरून ठेवते, त्यामुळे एलईडी जळत नाही. तारांची टोकं मात्र चालू असताना बोटांनी धरू नका.

पट्टी की ड्रायव्हर?

मागचं झाकण काढल्यावर पॉवर बोर्डवरून पत्र्याच्या आत जाणारी दोन किंवा अधिक तारांची वायर दिसते. तिच्या कनेक्टरजवळ एलईडी प्लस आणि एलईडी मायनस लिहिलेलं असतं. तो कनेक्टर बोर्डावरून काढा आणि टेस्टरच्या तारा पट्टीकडे जाणाऱ्या टोकांना लावा, लाल तार प्लसला. पॅनल अजून जागच्या जागी आहे, काही उकललेलं नाही, तरीही निदानाचा मोठा भाग इथेच होतो.

टेस्टरचा आकडा थेट वरच्या टोकाला जाऊन थांबला आणि उजेड नाही, तर पट्टी ओपन आहे. आधी तारा उलट लावून बघा, उलट जोडलेली पट्टीही असंच दाखवते. उजेड आला तर आकड्याचा हिशेब करा. टेस्टरच्या कमी करंटवर ३ व्होल्टची एलईडी सुमारे २.८ आणि ६ व्होल्टची सुमारे ५.६ व्होल्ट घेते. समजा ६ व्होल्टच्या सहा एलईडी ओळीने आहेत: आकडा ३३-३४ च्या आसपास हवा. २८ आला तर त्यातली एक शॉर्ट, म्हणजे आतून सरळ जोडली गेलेली आहे. शॉर्ट एलईडीने ओळ विझत नाही, फक्त तिची जागा अंधारी राहते. पण बऱ्याच ड्रायव्हरना ओळींमधला हा फरक खटकतो आणि ते सगळंच बंद करतात.

पट्टी नीट उजळली तरी तिला लगेच निर्दोष सोडू नका. टेस्टरच्या करंटवर टिकणारा कच्चा सांधा खऱ्या करंटवर, गरम झाल्यावर उघडतो. अशा वेळी पॉवर बोर्डला त्याच व्होल्टेजची बाहेरची चांगली पट्टी जोडून टीव्ही लावा. ती अर्धा तास बिनतक्रार चालली तर दोष आतच आहे.

आता बोर्डाची बाजू. कनेक्टर परत लावा, मीटर डीसी ६०० व्होल्टवर ठेवा, टीव्ही लावा. मेन बोर्डाकडून येणाऱ्या तारांत बीएल-ऑन किंवा ईएनए नावाची एक पिन असते. टीव्ही चालू झाल्यावर तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. डिम, एडीजे किंवा पीडब्ल्यूएम नावाच्या पिनवरही काही व्होल्ट हवेत, तिथे शून्य असेल तर ड्रायव्हर चालू असूनही उजेड पडत नाही. बीएल-ऑन येतच नसेल तर पट्टी आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष. चूक मेन बोर्डाची, कधी त्याच्या सॉफ्टवेअरची.

बीएल-ऑन येतोय, मग एलईडी प्लसकडे बघा. क्षणभर नेहमीपेक्षा वर उसळी घेऊन आकडा पडतो? ड्रायव्हर जिवंत आहे, समोर ओपन पट्टी आहे. आकडा पुरवठ्याएवढाच, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टवर, बसून राहतो? मग बूस्ट, म्हणजे व्होल्टेज वर चढवणं, सुरूच होत नाही. बूस्ट सर्किटमध्ये पुरवठा कॉइल आणि डायोडमधून सरळ पुढे जातो, म्हणून ड्रायव्हर झोपलेला असला तरी पुरवठ्याचा आकडा पलीकडे दिसतोच. आणि आकडा शून्य असेल तर मॉसफेट (बूस्टमध्ये वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट होऊन मागचा छोटा फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी.

मॉसफेट, डायोड, आउटपुटचा फुगलेला कपॅसिटर, हे तिघे मीटरने पकडता येतात. चौथा संशयित सहसा निसटतो: ओव्हरव्होल्टेज ओळखणारा शेकडो किलोओहमचा रेझिस्टर. या संरक्षणासाठी रेझिस्टरची जोडी असते. तिच्यातल्या एकाची किंमत सरकली की चांगल्या पट्टीलाही ड्रायव्हर 'व्होल्टेज जास्त' समजून बंद करतो. पट्टी बदलूनही दोन सेकंदांत विझत असेल तर आधी हाच मोजा, एक टोक सुटं करून. ड्रायव्हर आयसीच गेला असेल आणि मिळत नसेल तर प्लस, ग्राउंड, एनेबल आणि डिम अशा चार तारांचा युनिव्हर्सल ड्रायव्हर बसवता येतो. त्याचा करंट सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून सुरुवात करा.

पट्टी विकत घेताना

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानात 'बत्तीस इंच की पट्टी दे दो' म्हटलं की दुकानदार उलट विचारणारच: 'कितने एलईडी, कितने व्होल्ट?' टीव्हीची कंपनी आणि इंच सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या एकाच आकाराच्या टीव्हीत वेगवेगळ्या पट्ट्या निघतात. जुनी पट्टी काढूनच दुकानात जा आणि या गोष्टी जुळवा: पट्टीवर छापलेला नंबर, मिलिमीटरमध्ये लांबी, एलईडींची संख्या, ३ की ६ व्होल्ट, स्क्रूची किंवा क्लिपची भोकं, कनेक्टर डावीकडे की उजवीकडे. भिंगाचा आकारही बघा; वरून खोलगट आणि वरून फुगीर भिंगं उजेड वेगळा पसरवतात. चुकीचं भिंग बसलं तर पडद्यावर गोल गोल डाग दिसतील आणि सगळं परत उघडावं लागेल.

सगळा संच घ्या. एकच पट्टी बदलली तर नवी आणि जुन्या पट्ट्यांच्या उजेडातला फरक रोज डोळ्यांना टोचतो. अॅल्युमिनियमची पट्टी मिळत असेल तर फायबरची घेऊ नका. एलईडी मरते ती उष्णतेने, आणि अॅल्युमिनियम ती उष्णता मागच्या पत्र्याकडे लवकर ढकलतं. त्याच कारणाने पट्टी वाचवायला स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात वीज चमकते तेव्हा जातो तो पॉवर बोर्ड.

पॅनल काढणं

इथे घाई केली तर टीव्ही संपला. पॅनलची काच पातळ असते आणि तिच्या एका लांब कडेला कॉफ नावाच्या नाजूक फिती चिकटवलेल्या असतात, पलीकडे त्या दोन अरुंद बोर्डांना जोडलेल्या. काच फुटली की लगेच दिसतं. कॉफ ताणली गेली तर त्या वेळी काहीच कळत नाही. सगळं बंद करून टीव्ही लावल्यावर उभी रेघ दिसते आणि तिच्यावर घरी इलाज नाही.

३२ इंचालाही दोन माणसं हवीत. गादीवर काम करू नका, ती दबते आणि काच वाकते. सपाट टेबलावर किंवा फरशीवर थर्माकोलचा एकसंध तक्ता, त्यावर स्वच्छ सुती चादर. दुसरा तसाच तक्ता पॅनल ठेवायला आधीच तयार ठेवा. पंखा बंद. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. हात धुवून कोरडे करा, पातळ हातमोजे घाला आणि पत्र्याला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

टीव्ही पालथा असताना बोर्डांचे फोटो काढा, टीकॉनकडून येणाऱ्या चपट्या केबलींचं कुलूप उचलून त्या सोडवा, आणि कॉफच्या बोर्डांचे स्क्रू काढा. ते बोर्ड पत्र्याला अडकलेले असताना पॅनल उचललं की फिती फाटल्याच. मग टीव्ही सुलटा करून पुढची चौकट काढा. जुन्या टीव्हीत ती क्लिपांवर असते, प्लॅस्टिकच्या पट्टीने कोपऱ्यापासून सोडवत जा. बिनचौकटीच्या नव्या टीव्हीत पॅनल दुतर्फा फोम टेपने चिकटवलेलं असतं. कडेला हेअर ड्रायरने कोमट करा, पातळ प्लॅस्टिक कार्ड आत सरकवा आणि काच न उचलता टेप कापत पुढे जा. कॉफच्या बाजूला कार्ड अजिबात घालू नका, ती बाजू सर्वांत शेवटी हळूच सुटी करा. पहिल्यांदाच करत असाल तर बिनचौकटीचा टीव्ही जाणत्या माणसाकडे द्या. पट्टीच्या खर्चात पॅनल घालवणं परवडत नाही.

दोघांनी दोन आखूड बाजू धरून पॅनल एकदम, सपाट उचला. तिसरा माणूस असेल तर कॉफचे बोर्ड सोबत तोलून धरेल. चादरीवर ठेवा आणि वर कापड घाला.

खाली शीटा आहेत: वर पातळ, तळाला जाड पांढरी डिफ्यूझर प्लेट. एकेक करून काढू नका. वरच्या डाव्या कोपऱ्यावर मार्करने बारीक खूण करा आणि सगळा गठ्ठा एकदम उचलून बाजूला ठेवा. क्रम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. शीटवर बोट उमटलंच तर कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच टिपा. स्पिरिट लावलं तर डाग कायमचा बसतो. मग प्लॅस्टिकचे खुंट फिरवून पांढरा रिफ्लेक्टर काढा, आणि पट्ट्या समोर येतात.

पट्टी जवळून

प्रत्येक एलईडीवर तीन पायांचं छोटं पारदर्शक भिंग असतं, घुमटासारखं. जळालेल्या एलईडीच्या पिवळ्या चौकोनात नीट बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, आणि तिच्या भिंगाच्या आत धुरकट तपकिरी झाक असते. पडलेलं भिंग रिफ्लेक्टरच्या खालच्या कडेला अडकलेलं सापडतं. ते परत चिकटवायला इपॉक्सी किंवा यूव्ही गोंद वापरा, पायांनाच, थेंबभर. फेविक्विकसारखा झटपट गोंद नको. त्याच्या वाफेने भिंग आतून पांढरं होतं.

दोष कुठल्या एलईडीत आहे ते टेस्टर नसतानाही शोधता येतं: ९ व्होल्टची बॅटरी आणि ओळीत ४७० ओहमचा रेझिस्टर. ३ आणि ६ व्होल्टच्या, दोन्ही एलईडी त्यावर लागतात. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर ६ व्होल्टची एलईडी लागत नाही, म्हणून ती गेली असं समजू नका.

एकच एलईडी बदलायची असेल तर अॅल्युमिनियम पट्टीवर साधं आयर्न कमी पडतं, उष्णता सगळी पसरून जाते. गरम प्लेट २४० अंशांच्या आसपास ठेवा, पट्टीचा तेवढाच भाग तिच्यावर टेका, फ्लक्स लावा. सोल्डर चमकला की जुनी उचला, नवी ठेवा. ६३/३७ चा सोल्डर १८३ अंशांना वितळतो, शिसेविरहित २१७ ला. एलईडीची दिशा मीटरने तपासूनच बसवा: मोठा पॅड एका कंपनीत प्लस असतो आणि दुसरीत मायनस. एवढं करूनही आमचं मत संच बदलण्याकडेच झुकतं, कारण एक गेली तेव्हा बाकीच्यांनीही तेवढेच तास, तेवढीच उष्णता सोसलेली असते.

नवी पट्टी बसवण्याआधी पत्र्यावरचा जुना टेप खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उष्णतावाहक दुतर्फा टेप पूर्ण लांबीभर लावा. मधे हवा राहिली तर तिथली एलईडी आधी जाणार. ए आणि बी अशा जोडीच्या पट्ट्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. कडेने उजेड देणाऱ्या पातळ टीव्हीत पट्टी खाली किंवा बाजूला असते आणि समोर अॅक्रिलिकची जाड काच. ती गरम होऊन फुगते, म्हणून पट्टी आणि तिच्यातली मूळ फट तशीच राहू द्या.

करंट कमी करा

नव्या पट्टीवर जुनाच करंट सोडला तर ती पहिलीच्याच वाटेने जाते. ड्रायव्हर आयसीजवळ, एलईडी मायनसच्या वाटेवर, एक-दोन ओहमचे काही रेझिस्टर समांतर लावलेले असतात. ड्रायव्हर त्यांच्यावरचं व्होल्टेज ठरावीक ठेवतो, म्हणून एकूण रोध वाढवला की करंट घटतो. समजा १, १ आणि २ ओहम असे तीन आहेत: २ ओहमचा काढला तर करंट ८० टक्के उरतो. १ ओहमचा एक काढला तर ६० टक्के, तो जरा जास्तच कमी. २० ते ३० टक्के घट पुरे, उजेडातला फरक दिवाणखान्यात सहसा जाणवत नाही. बोर्डावर असे रेझिस्टर ओळखता आले नाहीत तर अंदाजाने काही उपटू नका. मेनूमधली बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा. बऱ्याच टीव्हीत बॅकलाइट आणि ब्राइटनेस या दोन वेगळ्या सेटिंग असतात. तिथे ब्राइटनेस कमी केल्याने काळा रंग गडद होतो, पट्टीला आराम मिळत नाही.

बंद करण्याआधी पट्ट्या पॉवर बोर्डला जोडून, शीटा न घालता टीव्ही लावा. बहुतेक टीव्हीत पॅनल जोडलेलं नसतानाही बॅकलाइट लागते. २० मिनिटं चालू ठेवा, थेट एलईडीकडे टक लावून बघू नका. एखादी लुकलुकते का, कुठे अंधार आहे का, ते आताच कळू द्या. मग प्लग काढून रिफ्लेक्टर लावा, प्रत्येक भिंग त्याच्या भोकातून पूर्ण वर आलंय ना बघा, ब्लोअरने धूळ उडवा, शीटांचा गठ्ठा खुणेप्रमाणे ठेवा. पॅनल ठेवायच्या क्षणी दोघांनी एकदा तिरक्या टॉर्चने शीट बघा. आत राहिलेला एक केस पडद्यावर काळी रेघ होऊन बसतो. कॉफचे बोर्ड जागेवर आल्यावर चपट्या केबली सरळ आत जाऊ द्या आणि कुलूप दाबा. चित्र आलं पण रंग विचित्र किंवा अर्धा पडदा पांढरा असेल तर घाबरू नका, आधी याच केबली काढून परत बसवा. चौकटीच्या क्लिपा लावण्यापूर्वी पूर्ण पांढरं चित्र लावून कोपरे तपासा, मगच झाकण.

जुन्या पट्ट्या आणि टेपचे तुकडे सुक्या कचऱ्यात टाकू नका. इंदूरच्या कचरागाडीला ई-कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो. पट्ट्या त्यात जातील.